चारशे दात की वीस मुले? गुच्छातील निरीक्षणे आणि काय-वर्ग चाचणी



आरोग्याच्या बातम्यांत आणि जाहिरातींत मोठमोठे आकडे येतात. इतके हजार दात तपासले, इतक्या डोळ्यांवर उपचार केले, इतक्या गावांतल्या इतक्या बालकांना फायदा झाला. आकडा मोठा दिसला की आपला विश्वास बसतो. एवढ्या जणांवर पाहिलंय म्हणजे खरंच असणार, असं वाटतं. आजच्या पाठात याच विश्वासाची तपासणी करायची आहे. निरीक्षणे जास्त झाली म्हणजे पुरावाही तेवढाच वाढतो का?

बी.एड., एम.एड.ला कृतिसंशोधन करताना आपल्यापैकी अनेकांनी काय-वर्ग चाचणी वापरली आहे. तिचे सूत्रही पाठ असेल. पण त्या चाचणीची एक अट असते, आणि ती बहुतेक वेळा वहीतच राहते. प्रत्येक निरीक्षण दुसऱ्यापासून स्वतंत्र असले पाहिजे, ही ती अट. वैद्यकीय अभ्यासात ती मोडली तर चुकीचा उपचार योग्य ठरू शकतो. म्हणून हा विषय जरा सावकाश समजून घेऊ.

१. आधी दोन शब्द

वर्गीय माहिती: जिचे उत्तर मापात येत नाही, प्रकारात येते ती. दात किडलेला आहे की नाही, लस घेतली की नाही, रुग्ण बरा झाला की नाही. उंची किंवा वजन ही मापे झाली; "कुपोषित / कुपोषित नाही" हा वर्ग झाला.

गुच्छ: एकमेकांशी बांधलेली निरीक्षणे. एका तोंडातले दात, एका माणसाचे दोन डोळे, एका घरातली भावंडे, एका गावातली बालके. द्राक्षाचा घड डोळ्यासमोर आणा. घडातला एक मणी आंबट निघाला तर त्याच घडातला दुसराही आंबट निघण्याची शक्यता जास्त. एकाच घडाचे पन्नास मणी चाखले म्हणजे अख्खी बाग चाखली असे होत नाही.

२. नेवाशाच्या मातीतले दुधाचे दात

नेवासा म्हटले की ज्ञानेश्वरी आणि पैस खांब आठवतो. पण प्रवरेकाठच्या या गावाचे नाव पुरातत्त्वाच्या पुस्तकांतही आहे. डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात इथे उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९६० साली प्रसिद्ध झाला. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाण युगातली वस्ती इथे सापडली. तिला जोर्वे संस्कृती म्हणतात. हे नावही आपल्याच जिल्ह्यातल्या, संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून पडले आहे.

त्या काळी लहान मूल दगावले की त्याला घराच्या जमिनीखाली पुरत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत आणि आत ते मूल असे. हाडे नाजूक असतात, झिजतात. दात मात्र टिकतात. नेवासा, श्रीरामपूर तालुक्यातले दायमाबाद आणि पुणे जिल्ह्यातले इनामगाव इथल्या मुलांच्या दुधाच्या दातांचा अभ्यास अमेरिकेचे जॉन लुकाच आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी केला. दुधाच्या सुळ्यांवर एखादा खड्डा दिसतो का, हे त्यांनी पाहिले. दात घडताना, म्हणजे जन्माच्या आसपास, बाळाच्या वाट्याला कुपोषण किंवा आजारपण आले तर दाताच्या वरच्या थरात अशी खूण राहू शकते. थोडक्यात, तीन हजार वर्षांपूर्वीच्या बाळाचे हे आरोग्यपत्रकच झाले.

आता प्रश्न मोजणीचा. एका मुलाला दुधाचे चार सुळे असतात. समजा एकाच मुलाच्या चारही सुळ्यांवर खड्डा आहे. मग आपण "चार" मोजायचे की "एक"? या शास्त्रात दोन्ही पद्धती आहेत. एकीत दात मोजतात, दुसरीत माणसे मोजतात. दोन्हींची उत्तरे वेगळी येतात, म्हणून कोणती पद्धत वापरली ते सांगावे लागते.

माणूस मोजणे सोपे वाटते, पण त्यातही एक मेख आहे. "एका तरी सुळ्यावर खड्डा असेल तर ते मूल बाधित" असा नियम केला, आणि एका मुलाचे चारही सुळे मिळाले, दुसऱ्याचा मात्र एकच मिळाला, तर दुसऱ्याची खूण सापडण्याची संधी मुळातच कमी. म्हणजे गुच्छ लहानमोठे असतील तर नुसती माणसे मोजूनही भागत नाही.

३. एक उदाहरण सोडवू या

आता आजच्या मुलांकडे येऊ. पुढचे आकडे शिकवण्यासाठी तयार केलेले आहेत, ते कुठल्या सर्वेक्षणातले नाहीत.

समजा चार-पाच वर्षांची २० मुले घेतली. प्रत्येकाला दुधाचे २० दात. चिठ्ठ्या टाकून १० मुले 'अ' गटात आणि १० मुले 'ब' गटात घातली. 'अ' गटाला सहा महिने रोज जेवणानंतर दात घासायला शिकवले. 'ब' गटाचे नेहमीप्रमाणे चालू ठेवले. नंतर किडलेले दात मोजले.

'अ' गट: ०, ०, १, ०, ९, २, ०, १, ०, ११ (एकूण २४)

'ब' गट: ०, २, १, १२, ०, ३, १०, १, १४, १ (एकूण ४४)

'अ' गटात २०० पैकी २४ म्हणजे १२ टक्के दात किडले. 'ब' गटात २०० पैकी ४४ म्हणजे २२ टक्के. जवळपास दुप्पट!

आता नेहमीची काय-वर्ग चाचणी लावू. दोन्ही गट मिळून ६८ दात किडले. शिकवण्याचा काहीच परिणाम नसता तर प्रत्येक गटात ३४ किडलेले आणि १६६ चांगले दात अपेक्षित होते. प्रत्येक चौकटीत अपेक्षेपेक्षा १० चा फरक आहे.

किडलेल्या दातांच्या दोन चौकटी: १०० ÷ ३४ = २.९४, दोनदा
चांगल्या दातांच्या दोन चौकटी: १०० ÷ १६६ = ०.६०, दोनदा

सगळे मिळवले की काय-वर्गाचे मूल्य ७.०९ येते. कोष्टकातला ५ टक्के पातळीचा आकडा ३.८४. आपला आकडा त्याच्या बराच वर आहे. म्हणजे निष्कर्ष तयार: "फरक लक्षणीय आहे, दात घासायला शिकवल्याने कीड कमी होते." आकडेमोड बिनचूक आहे, पण निष्कर्ष चुकीचा.

४. गडबड कुठे झाली?

वरच्या दोन रांगा पुन्हा बघा. 'अ' गटातल्या २४ किडलेल्या दातांपैकी २० दात फक्त दोन मुलांचे आहेत. 'ब' गटातल्या ४४ पैकी ३६ दात फक्त तीन मुलांचे. उरलेल्या मुलांची स्थिती दोन्ही गटांत जवळपास सारखी आहे.

म्हणजे सगळी गोष्ट दोन मुले विरुद्ध तीन मुले अशी आहे. चिठ्ठ्या टाकताना किडक्या दातांची दोन मुले इकडे आणि तीन मुले तिकडे जाणे यात काय नवल?

एका तोंडातले दात एकाच लाळेत असतात, तोच गोड खाऊ खातात, झोपताना तीच दुधाची बाटली त्यांना लागते. एक किडला की शेजारचाही किडण्याची शक्यता वाढते. त्यामुळे एकाच मुलाचा दुसरा दात तपासल्यावर आपल्याला नवी माहिती थोडीच मिळते. वर्गात एकाच मुलाने वीसदा हात वर केला तर आपण वीस मते धरत नाही. काय-वर्ग चाचणी मात्र धरते, कारण तिला आपण ४०० स्वतंत्र दात असल्याचे सांगितलेले असते.

५. दुरुस्तीचे सूत्र

यासाठी एक साधे सूत्र आहे. त्याला डिझाइन इफेक्ट किंवा रचना-परिणाम म्हणतात. सर्वेक्षणशास्त्रात लेस्ली किश यांच्या १९६५ च्या पुस्तकामुळे ते रूढ झाले.

रचना-परिणाम = १ + (एका गुच्छातील निरीक्षणे − १) × सारखेपणा

इथे 'सारखेपणा' हा साधारण ० ते १ मधला आकडा असतो. ० म्हणजे गुच्छातली निरीक्षणे एकमेकांशी काहीच संबंध नसलेली. १ म्हणजे सगळी अगदी एकसारखी.

• सारखेपणा ० असेल तर रचना-परिणाम १ येतो. नेहमीची चाचणी चालेल.
• सारखेपणा १ असेल तर रचना-परिणाम गुच्छाच्या आकाराइतका येतो. म्हणजे २० दात मिळून एकच निरीक्षण.

आपल्या उदाहरणात मुलामुलांमधला फरक आणि एकाच मुलाच्या दातादातांमधला फरक यांची तुलना केली की सारखेपणा सुमारे ०.३७ येतो. मग

रचना-परिणाम = १ + १९ × ०.३७ = सुमारे ८

आता दोन गोष्टी करा. ४०० ला ८ ने भागा: ५०. म्हणजे आपल्या ४०० दातांत ५० स्वतंत्र दातांइतकाच पुरावा आहे. आणि काय-वर्गाच्या ७.०९ ला ८ ने भागा: सुमारे ०.८९. हा आकडा ३.८४ च्या खूप खाली आहे. फरक योगायोगानेही सहज पडू शकतो.

दुसऱ्या वाटेनेही पडताळा घेता येतो. दात विसरून जा आणि प्रत्येक मुलाची एकच संख्या घ्या. 'अ' गटाची सरासरी २.४, 'ब' गटाची ४.४. या दोन सरासरींवर टी-चाचणी लावली की टी सुमारे ०.९३ येतो, त्याचा वर्ग ०.८७. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचल्या.

काय-वर्गाला रचना-परिणामाने भागण्याची ही रीत भक्कम पायावर उभी केली ती जे. एन. के. राव आणि अलास्टर स्कॉट यांनी. राव मूळचे आंध्र प्रदेशातले. गुच्छातल्या "हो/नाही" प्रकारच्या माहितीसाठीचा त्यांचा लेख १९९२ साली आला. नमुना-सर्वेक्षणाच्या शास्त्रात मराठी माणसाचेही मोठे काम आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा नमुना-सिद्धांतावरचा १९५४ चा ग्रंथ जगभर अभ्यासला गेला. पुढे त्यांनी पोषणाच्या प्रश्नावरही तेच शास्त्र वापरले.

इथे एक सावधगिरी. "फरक सिद्ध झाला नाही" म्हणजे "दात घासून फायदा नाही" असे नव्हे! वीस मुलांवरून ते ठरवता येत नाही, एवढाच याचा अर्थ. मुलांना दात घासायला जरूर लावा.

६. दातांकडून गावांकडे

आपल्या उदाहरणात एकेका मुलाची चिठ्ठी टाकली होती. समजा तसे केले नसते. 'अ' गट म्हणजे एक अंगणवाडी आणि 'ब' गट म्हणजे दुसरी अंगणवाडी, असे असते तर? मग दात मुलात बांधलेले आणि मुले अंगणवाडीत बांधलेली. पाणी तेच, ताई त्याच, शेजारचे दुकान तेच. तेव्हा तुलना एक अंगणवाडी विरुद्ध एक अंगणवाडी एवढीच उरते. मुले कितीही असोत, फरक शिकवण्यामुळे पडला की गावच वेगळे म्हणून पडला, हे वेगळे काढताच येत नाही. म्हणून मोठ्या अभ्यासांत अनेक गावे घेतात आणि चिठ्ठी गावाची टाकतात.

आपल्या जिल्ह्यातच असा अभ्यास झाला आहे. २००४ साली महाराष्ट्र सरकार आणि जागतिक बँक यांनी संपूर्ण स्वच्छता मोहिमेचा परिणाम तपासायचे ठरवले. तीन जिल्ह्यांची योजना होती, पण कार्यक्रम प्रत्यक्षात राबवला गेला तो तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात. ६० गावे घेतली. चिठ्ठीने ३० गावांत मोहीम आणि ३० गावे तुलनेसाठी. जेफ्री हॅमर आणि डीन स्पिअर्स यांनी त्याचा अहवाल २०१६ साली प्रसिद्ध केला. मोहिमेच्या गावांतल्या लहान मुलांची वयाच्या मानाने उंची सरासरीने वाढलेली दिसली. पण अंदाजाची पट्टी बरीच रुंद होती.

इथे गावच का निवडले? कारण उघड्यावरच्या शौचाचा त्रास एका घरापुरता राहत नाही. माझ्या घरी संडास आहे पण शेजारच्या दहा घरांत नाही, तर माझे मूलही आजारी पडते. उपचारच गावाला दिला, म्हणून मोजणीही गावाच्या हिशेबाने. मुले शेकड्यांनी असली तरी साक्षीदार ६० गावे, म्हणून पट्टी रुंद.

दुसरे उदाहरण शेजारच्या मराठवाड्यातले, आणि इथे जिवाचा प्रश्न होता. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर एक मोठा अभ्यास झाला. मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था त्यात होत्या. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, आणि गावांचे ५२ गुच्छ. या ५२ गुच्छांचे चार गट केले. तीन गटांना तीन वेगवेगळ्या तपासण्या. चौथ्या गटाला त्या काळातली नेहमीची सेवा.

२००९ साली निकाल आला. एचपीव्ही तपासणीच्या गटातल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. नेहमीच्या सेवेच्या गटातल्या ३१,४८८ पैकी ६४ जणी. चौथ्या गटाला तपासणी का दिली नाही, यावर पुढे नैतिक वादही झाला. तो वाद महत्त्वाचाच आहे. आणि ज्या आकड्यांमागे माणसे दगावली आहेत ते आकडे नीट मोजणे हे तर किमान कर्तव्य.

आपण नेहमीची काय-वर्ग चाचणी लावली तर सुमारे ११.८ येते. छान! पण थांबा. एका गुच्छात सरासरी अडीच हजार स्त्रिया आहेत. सूत्रात घालून बघा: सारखेपणा फक्त ०.००१ असला तरी रचना-परिणाम १ + २५०० × ०.००१, म्हणजे सुमारे ३.५ होतो. ११.८ ला ३.५ ने भागले की ३.४ उरतात आणि निष्कर्ष ३.८४ च्या खाली घसरतो. हजारात एक इतका बारीक सारखेपणा! गुच्छ मोठा असेल तर तोही पुरतो.

संशोधकांनी गुच्छांचा विचार करूनच हिशेब केला होता. त्यांच्या हिशेबात मृत्यूची जोखीम ०.५२ पट, म्हणजे जवळपास निम्मी आली. अंदाजाची पट्टी ०.३३ ते ०.८३. सगळी पट्टी १ च्या खालीच आहे. म्हणजे दुरुस्ती करूनही निष्कर्ष टिकला. त्यामुळे एचपीव्ही तपासणीबद्दलचा हा पुरावा भक्कम मानला जातो. घरातल्या आई, मावशी, काकू यांच्याशी बोलताना हा अभ्यास जरूर सांगा.

७. उलटा प्रकार: दोन डोळे

आतापर्यंत असे वाटले असेल की गुच्छ विसरला की फरक नेहमी फुगतो. तसे नाही. एकाच माणसाच्या एका डोळ्यात एक औषध आणि दुसऱ्या डोळ्यात दुसरे औषध घातले तर गोष्ट उलटी होते. तेव्हा माणूस स्वतःच स्वतःची तुलना असतो, आणि सारखेपणा आपल्या मदतीला येतो.

पुन्हा कल्पित आकडे. ५० रुग्ण, दोन औषधे, प्रत्येक डोळ्याला एक.

• दोन्ही डोळे बरे: २५
• फक्त पहिल्या औषधाचा डोळा बरा: १२
• फक्त दुसऱ्या औषधाचा डोळा बरा: ३
• दोन्ही बरे नाहीत: १०

पहिल्या औषधाने ३७ डोळे बरे झाले, दुसऱ्याने २८. शंभर स्वतंत्र डोळे समजून काय-वर्ग काढला तर ३.५६ येतो. ३.८४ पेक्षा कमी, म्हणजे "फरक नाही".

पण दोन्ही डोळे बरे झालेले किंवा दोन्ही न झालेले रुग्ण आपल्याला औषधांतला फरक सांगतच नाहीत. फरक सांगतात ते मधले १५ जण. त्यांच्यापुरती मॅकनेमार चाचणी आहे, १९४७ सालची:

(१२ − ३) चा वर्ग ÷ (१२ + ३) = ८१ ÷ १५ = ५.४

आता ३.८४ पेक्षा जास्त. जो फरक खरोखर होता तो चुकीच्या चाचणीने लपवला होता.

लक्षात ठेवायचा नियम असा: उपचार अख्ख्या गुच्छाला दिला असेल तर गुच्छ विसरल्याने खोटा फरक दिसू शकतो. उपचार गुच्छाच्या आत वाटला असेल तर गुच्छ विसरल्याने खरा फरक लपू शकतो.

८. मग करायचे काय?

संशोधनात साधारण या वाटा वापरतात:

१) प्रत्येक गुच्छाचा एकच आकडा काढा (मुलाची टक्केवारी, गावाची टक्केवारी) आणि त्यांची तुलना करा. लहान अभ्यासाला, कृतिसंशोधनाला ही वाट सर्वांत सोपी आणि सुरक्षित.

२) काय-वर्गाला रचना-परिणामाने भागा.

३) जोड्या असतील तर मॅकनेमार चाचणी वापरा.

४) गुच्छ लहानमोठे असतील, वय-लिंग वगैरे इतर गोष्टीही धरायच्या असतील तर संगणकावरची प्रगत तंत्रे आहेत. लिआंग आणि झेगर यांनी १९८६ साली मांडलेली जीईई पद्धत त्यातलीच. मात्र गुच्छच मोजके असतील तर तिचे उत्तरही जपून वाचावे लागते.

आणि अभ्यास सुरू होण्याआधीच विचार केला तर सर्वांत उत्तम. लसीकरणाची टक्केवारी काढण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची एक गाजलेली पद्धत होती: ३० गुच्छ आणि प्रत्येकी ७ बालके, एकूण २१०. हे २१० आले कुठून? साध्या निवडीत ९६ बालके पुरली असती. रचना-परिणाम २ धरून ती १९२ झाली. ३० गावांत वाटली की प्रत्येकी साडेसहाच्या आत, म्हणून ७. दहा गावांत २१ बालके घेतली असती तर फिरणे वाचले असते, पण पुरावा कमी झाला असता. त्याच गावातली जास्त मुले घेण्यापेक्षा नवीन गाव घेणे मोलाचे.

९. वर्गात करून पाहण्याची कृती

नववी-दहावीच्या मुलांसाठी ही कृती छान जमते. साहित्य: कागदाच्या २० चिठ्ठ्या.

• वरच्या उदाहरणातला प्रत्येक मुलाचा आकडा एकेका चिठ्ठीवर लिहा.
• चिठ्ठ्या पिसून दोन मुलांना दहा-दहा वाटा.
• दोघांच्या बेरजा काढा. फरक २० किंवा जास्त आला का? फळ्यावर नोंद करा.
• असे २० वेळा करा.

साधारण सहा-सात-आठ वेळा फरक २० किंवा त्याहून जास्त येईल. म्हणजे दात घासायला न शिकवताही नुसत्या वाटपाने एवढा फरक पडतो!

आता मुलांना विचारा, "चिठ्ठ्या फाडून ४०० दातांचे ४०० तुकडे केले आणि ते पिसून वाटले तर?" तेव्हा एवढा फरक हजारात अकराएक वेळाच येईल. पण दात तोंडातून सुटे होऊन गटांत वाटले जात नाहीत. मूल अख्खेच एका गटात जाते. म्हणून चिठ्ठी फाडायची नाही. अख्खा पाठ मुले विसरली तरी एवढे एक वाक्य लक्षात राहू द्या.

१०. पालकांनी विचारायचे चार प्रश्न

टूथपेस्टची जाहिरात असो, चष्म्याचे नवे तंत्र असो की व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला "संशोधनात सिद्ध" असा संदेश असो:

१) मोजले काय? दात, डोळे, तपासण्या की माणसे?
२) माणसे किती होती? गावे, शाळा, दवाखाने किती होते?
३) उपचार कोणाला वाटला? एकेका व्यक्तीला, की अख्ख्या गावाला किंवा शाळेला?
४) हिशेबात त्या गुच्छाचा विचार केला का?

चौथ्याचे उत्तर सामान्य वाचकाला नेहमी सापडेलच असे नाही. पण पहिल्या तीन प्रश्नांनीच बराच फुगा फुटतो.

स्वाध्याय

१) ४० रुग्णांचे ८० डोळे तपासले. सारखेपणा ०.५ आहे. हे किती स्वतंत्र डोळ्यांइतके?
२) ३० गावे, प्रत्येकी ७ बालके, सारखेपणा ०.१७. रचना-परिणाम किती?
३) १० गावे, प्रत्येकी १०१ बालके, सारखेपणा ०.०२. एकूण १,०१० बालकांचा पुरावा किती स्वतंत्र बालकांइतका?

उत्तरे: (१) रचना-परिणाम १.५, सुमारे ५३ डोळे. (२) सुमारे २. (३) रचना-परिणाम ३. सुमारे ३३७ बालके.

तिसऱ्या उदाहरणात बालके तेवढीच ठेवून गावे २० केली तर काय होईल, तेही मुलांकडून काढून घ्या. त्यातून त्यांना कळेल की रांगेतली संख्या वाढवणे सोपे असते, पुरावा वाढवायला मात्र दुसऱ्या गावापर्यंत चालत जावे लागते.